जिवंतपणीचं सोनं

मॉर्निंग ग्लोरीच्या वेलीवर पानांना गोल गोल भोकं पडलेली दिसली की मी त्यातलं एखादं पान अलगद उलटं करून बघते. भोकं पाडणारा बहुतेक वेळा तिथेच असतो. पाच ते सात मिलिमीटरचा, गोलसर, चपटा भुंगेरा. कडेने पारदर्शक झालर, तिच्याखाली आवरून घेतलेले पाय आणि झालरीच्या आत सोनं. आजूबाजूची पानं, वरचं आभाळ आणि माझं वाकलेलं डोकं त्यात उमटावं इतकं चकचकीत सोनं. टॉर्टॉइज बीटल या नावाने हा गट ओळखला जातो. धोका वाटला की हे भुंगेरे कासवासारखं सगळं अंग कवचाखाली ओढून घेतात आणि पानाला घट्ट चिकटून बसतात.

या किड्याला त्रास दिला, चिमटीत धरून ठेवलं, तर काही जातींत हे सोनं डोळ्यांदेखत उतरतं. आधी तांबूस झाक येते, मग बघता बघता अख्खं कवच विटकरी होतं. सोडून दिलं, त्याचा जीव थाऱ्यावर आला, की पुन्हा सोनेरी. मेला की मात्र संपलं. अंग वाळत जातं तसं सोनं जातं, ते कायमचं. संग्रहालयांच्या पेट्यांत टाचणीला लावून ठेवलेले याचे नमुने मळकट तपकिरी दिसतात. खालच्या चिठ्ठीवर जातीचं नाव अचूक असतं, पण ज्यासाठी कुणीही या किड्यापाशी थांबेल ते त्या पेटीत नसतं.

हे होतं कसं, याचं उत्तर पनामातल्या एका जातीने दिलं. कॅरिडोटेला इग्रेजिया हे तिचं शास्त्रीय नाव. बेल्जियममधल्या ज्याँ-पॉल व्हिन्येरों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या थरांत सूक्ष्म पोकळ्या असतात. किडा निवांत असताना त्या पोकळ्या द्रवाने भरलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक थर एकसंध होतो आणि सगळे मिळून आरसा तयार होतो. किडा बिथरला की द्रव मागे ओढला जातो, थर सच्छिद्र होतात, आरसा मोडतो आणि त्याच्या खाली दडलेलं लाल रंगद्रव्य वर दिसू लागतं. म्हणजे सोनं दिसायला त्या किड्याच्या अंगात ओल हवी आणि ओल टिकायला त्याला स्वस्थता हवी.

बागेतल्या छोट्या रंगीत कीटकांचे फोटो काढताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. यातले कितीतरी रंग किड्याच्या अंगावर माखलेले नसतात, ते तिथे घडत असतात. प्रकाश कुठून येतो, आपण कुठून बघतो, किड्याने पाठ किती कलती केली आहे, पानाच्या मागे ऊन आहे की सावली, या सगळ्यावर ते ठरतं. म्हणून कुणी मला ‘कोणता कॅमेरा घेऊ’ असं विचारलं की मी आधी प्रकाशाबद्दल बोलायला लागते.

मोठं करणं हा मॅक्रोमधला, म्हणजे अगदी जवळून फोटो काढण्यातला, त्या मानाने सोपा भाग. लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं तेव्हा सहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही सहा मिलिमीटरचाच पडतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे किड्याने चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्सा व्यापला. खास मॅक्रो लेन्स नसली तरी नेहमीच्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब बसवून, पुढे क्लोजअप भिंग अडकवून किंवा लेन्सच उलटी लावून तिथवर पोचता येतं. खरी अडचण डेप्थची, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या खोलीची आहे. १:१ वर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/८ ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. मोठेपणा दुप्पट केला, २:१ वर गेलं, की तो आणखी आक्रसून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. मग अ‍ॅपर्चर बारीक करावं म्हटलं, तर तिथेही मर्यादा आहे. इतक्या जवळून १:१ वर एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखं. तेवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळं चित्र सौम्य, धूसर होतं.

मग हाती उरतो तो एक मिलिमीटर. तो किड्याच्या कोणत्या भागाला द्यायचा, हे ठरवावं लागतं. मी डोळ्यांना देते. डोळे धूसर राहिले तर बाकी कितीही स्पष्ट असो, त्या फोटोत कुणी राहत नाही. किडा आडवा बसला असेल तर कॅमेऱ्याचं तोंड असं वळवायचं की डोळा, खांदा आणि पाठीची कड एकाच प्रतलात येतील. त्यासाठी कधी कोपर जमिनीला टेकवून तिरकं व्हावं लागतं, कधी कुंडीच्या मागे गुडघ्यावर बसावं लागतं. ऑटोफोकस बंद. मोठेपणा आधी ठरवून घ्यायचा आणि मग रिंगला हात न लावता स्वतःच केसभर पुढे, केसभर मागे झुलत राहायचं. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली क्लृप्ती म्हणजे डाव्या हाताच्या बोटांत किडा बसलेली काडी हलकेच धरायची आणि लेन्स त्याच हातावर टेकवायची. वारा आला तर काडी, हात आणि लेन्स तिघं मिळून हलतात आणि किडा होता तिथेच फोकसमध्ये राहतो. काडी धरताना घाई केली की तो टुणकन उडी मारतो किंवा पाय सोडून खाली पडतो, म्हणून हात पुढे नेतानाच इतका सावकाश न्यायचा की त्याला तो वाढणाऱ्या फांदीसारखा वाटावा.

पहाट सोयीची, हे सगळेच सांगतात. कीटकांच्या अंगातली ऊब बहुतांशी बाहेरून येते, त्यामुळे ऊन चढेपर्यंत ते जडावलेले असतात. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्यांचे नर रात्री काडीचा जबड्याने चावा घेतात आणि तसेच लटकून झोपतात. सकाळी त्यांच्या केसांवर दव असतं आणि त्यांना कसलीच घाई नसते. चतुर आणि त्यांच्या सडपातळ नातलग टाचण्याही याच वेळी जवळ येऊ देतात. पण रंगांसाठी मला पहाटेपेक्षा ढगाळ दुपार जास्त आवडते, आणि त्याचं कारण प्रकाशाच्या आकारात आहे.

चकचकीत कवचाचा किडा हा फुगीर आरसा असतो. त्याच्यावर थेट फ्लॅश मारला की आरशात फक्त फ्लॅशचं छोटं तोंड दिसतं. एक पांढरा, भगभगीत ठिपका, आणि त्याच्या भोवती सगळं काळपट. नव्याने मॅक्रो करणाऱ्यांना हे कोडं पडतं की डोळ्यांना हिरवागार, निळाजर्द दिसलेला भुंगेरा फोटोत काळा का आला. तो काळा आला कारण त्याच्या पाठीत ज्या दिशेचं प्रतिबिंब होतं त्या दिशेला काही उजेडच नव्हता. आरशाला रंग दाखवायचा असेल तर त्याच्या समोर मोठ्या जागेत पसरलेला उजेड हवा. ढगाळ आभाळ हा तसा उजेड आहे, सगळीकडून सारखा. फ्लॅश वापरायचाच असेल तर त्याचं आभाळ करावं लागतं. अर्धपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकचा किंवा कागदाचा वाकवलेला पडदा लेन्सच्या वर, किड्याच्या शक्य तितक्या जवळ. तळहाताएवढा पडदा पाच सेंटिमीटरवर असला तर सहा मिलिमीटरच्या किड्यासाठी तो अर्धं आकाश व्यापतो. डिफ्यूजर म्हणतात तो हाच, आणि तो घरी केलेला असला तरी काही बिघडत नाही. माझ्या मते मॅक्रोमधला महत्त्वाचा फरक लेन्सच्या आधी इथे पडतो. शिवाय फ्लॅश कमी ताकदीवर चालवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि थरथरणाऱ्या मिशासुद्धा थिजल्यासारख्या स्पष्ट येतात.

याची कसोटी बघायची असेल तर कुकू वास्प बघावी. गांधीलमाशीचीच ही चिमुकली भावकी, लांबी अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या आसपास, अंग झळझळीत निळं-हिरवं आणि काही जातींत पोट किरमिजी. इतर माश्यांच्या घरट्यांत शिरून तिथे अंडी घालणं हा तिचा व्यवसाय, म्हणून ती जुन्या लाकडाच्या भोकांपाशी आणि भिंतीच्या चिरांपाशी सतत येरझाऱ्या घालत असते. घरमालकिणीने पकडलं तर पोटाच्या खोलगट बाजूत पाय आणि मिशा दुमडून ती गोळी होते. बाहेर राहतं फक्त जाड कवच, त्यावर डंख लागत नाही. त्या कवचावर बारीक खळगे असतात. साध्या डोळ्यांना अंग सलग हिरवं दिसतं, पण जवळून बघितलं की प्रत्येक खळग्याला स्वतःचा उतार असतो आणि उतारागणिक रंग बदललेला असतो. काठावर हिरवा, आत निळा, कुठे जांभळ्याची कड. डिफ्यूजर बोटभर डावीकडे सरकवला की खळग्यातला निळा काठावर येतो. मी अशा वेळी लागोपाठ फोटो घेते आणि प्रत्येकात पडदा थोडा हलवलेला असतो. नंतर शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर दोन फोटो एकाच माशीचे आहेत हे सांगावं लागेल.

या रंगांना रंगद्रव्य लागत नाही. कवचातले थर साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत असे शेकडो थर मावतील. प्रत्येक थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही तरंगलांबी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना खोडून काढतात, आणि उरलेला रंग आपल्या डोळ्यांत येतो. तिरकं बघितलं की हिशोब बदलतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. म्हणून हिरवा भुंगेरा कडेला निळसर दिसतो. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये मोराच्या पिसाकडे सूक्ष्मदर्शकातून बघून असंच काही लिहून ठेवलं होतं: पीस पाण्यात भिजवलं की रंग नाहीसे होतात, म्हणजे ते पिसातल्या कुठल्या रंगीत पदार्थाचे नसावेत. थर शाबूत राहिले तर असे रंग थक्क करणारा काळ टिकतात. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत सापडलेले भुंगेरे सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांच्या कवचावर आजही धातूसारखी रंगीत झळाळी आहे. मूळ छटा काहीशा सरकल्या आहेत, पण झळाळी आहे. तिकडे दगडातल्या भुंगेऱ्याची चमक कोट्यवधी वर्षं टिकते आणि इकडे वेलीवरच्या सोनेरी किड्याची चमक तो वाळेपर्यंतही टिकत नाही. दोन्हीकडे थरच आहेत. एकात ते कोरडे चालतात, दुसऱ्यात ओले लागतात.

लेडीबर्डची गोष्ट वेगळी. तिचा लाल कोनाने बदलत नाही, कारण तो रंगद्रव्याचा आहे. कॅरोटिनॉइड गटातला लाल आणि मेलॅनिनचा काळा. तरीही तो तिच्या अंगावर घडताना बघता येतो, आणि माझ्या मते बागेत बसल्याजागी बघता येण्यासारखं याहून सुंदर फार थोडं आहे. अळीने शेपटाकडचं टोक पानाला चिकटवून कोष केलेला असतो, नारिंगी-काळा, वाकलेला. त्याला धक्का लागला तर तो झटक्यात उभा राहतो. वेळ भरली की कोष पुढच्या बाजूने उकलतो आणि सात ठिपक्यांची लेडीबर्ड बाहेर येते तेव्हा तिला एकही ठिपका नसतो. डोकं आणि मान काळी, पण पाठ फिकट पिवळी, ओलसर आणि मऊ. ती रिकाम्या कोषाला धरून उभी राहते आणि उडायचे तलम पंख पाठीखालून मागे बाहेर काढून वाळवते. पाठीवर नजर रोखून बसलं तरी ठिपका ‘आला’ असा क्षण सापडत नाही. आधी पिवळ्यात राखाडी डाग असल्याची नुसती शंका येते, मग त्याला कड येते, मग कड गडद होते. तोवर पंख वाळून आत घडी झालेले असतात. लाल तर अजून यायचाच असतो. आधी नारिंगी, मग लाल, आणि तो पुढे कित्येक दिवस गडद होत राहतो. मी कॅमेरा काडीला बांधलेल्या आधारावर ठेवते, फ्लॅश बंद करते आणि थोड्या थोड्या वेळाने एक फोटो घेत राहते. या वेळी फोकस पाठीवर, डोळ्यांवर नाही.

हा लाल कुठून येतो, याचा माग काढत गेलं की गोष्ट लेडीबर्डच्या ताटातल्या माव्यापर्यंत जाते. प्राण्यांना कॅरोटिनॉइड सहसा स्वतः तयार करता येत नाहीत, ते वनस्पतींकडून खाण्यातून मिळवावे लागतात. २०१० साली नॅन्सी मोरन आणि टायलर जार्विक यांनी दाखवून दिलं की वाटाण्यावरचा मावा ते स्वतः बनवतो. त्यासाठीची जनुकं त्याच्या पूर्वजांना बुरशीकडून मिळाली होती. या माव्यात हिरवे आणि लाल असे दोन्ही रंग असतात, आणि लाल रंग त्या उसन्या जनुकांचा. गुलाबाच्या कळीवर मावा दिसला की पूर्वी मी तो पुसून टाकत असे. आता आधी भिंग लावते. कोवळ्या देठावर माद्या डोकं खाली करून रस ओढत असतात आणि नराशिवायच जिवंत पिलं जन्माला घालत असतात. पिलू मागचे पाय आधी बाहेर काढतं आणि बाहेर पडता पडता देठ पकडतं. शेजारी मुंग्या माव्याचा गोड द्रव टिपायला उभ्या असतात. एवढं सगळं पेन्सिलच्या लांबीच्या देठावर चाललेलं असतं.

मावा ठेवला की त्याला खाणारे येतात. लेडीबर्ड, तिच्या अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची देठावर तोललेली अंडी, आणि होव्हरफ्लाय. काळे-पिवळे पट्टे घालून गांधीलमाशीचा आव आणणारी ही माशी हवेत एका जागी थांबते. निरुपद्रवी जीव घातक जिवाचं रूप घेऊन वाचतो, हे हेन्री वॉल्टर बेट्सने अ‍ॅमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडलं, पण त्यासाठी अ‍ॅमेझॉनला जावं लागत नाही. जवळून बघितलं की सोंग उघडं पडतं: पंखांच्या दोन जोड्यांऐवजी एकच, मिशा आखूड आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं भरलेलं. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात आणि मादीचे सुटे राहतात. हे एकदा कळलं की कुठल्याही फोटोत मी आधी तेच बघते. कळीवर औषध फवारलं की यातलं काही येत नाही. रंगीत कीटक हवेत आणि मावा मात्र नको, असं होत नाही. मी फवारणी पूर्ण बंद केली आहे आणि कुणी सल्ला विचारला तर हाच देते.

किड्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवून फोटो काढण्याची एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. त्यामागे दयेचा भाग आहेच, पण बघण्याचाही आहे. गारठलेला किडा पाय आखडून बसतो, मिशा खाली पडलेल्या असतात, काडीवरची पकड लटकी असते. ज्याने जागेपणी तो किडा बघितला आहे त्याला हे लगेच कळतं. आणि टॉर्टॉइज बीटलसारख्या जिवाच्या बाबतीत तर धरपकड म्हणजे जे टिपायचं तेच पुसून टाकणं. मेलेल्या नमुन्यांवर अफाट काम करणारेही आहेत, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या कीटकांच्या एकेका चित्रासाठी सुमारे ८,००० फोटो एकत्र जोडले आणि प्रत्येक अवयवाला वेगळा प्रकाश दिला. कवचावरचा खळगा न् खळगा त्यात बघायला मिळतो. ते काम बागेत होणारं नाही. तसं बागेत होणारं काम त्या टेबलावर होणार नाही. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जोडून एक करणं, मीही करते, पण काडीवर स्वस्थ बसलेल्या किड्याचं, हातात कॅमेरा धरून जेवढे फोटो जमतील तेवढ्यांचं. त्याने मिशी हलवली की ती चित्रात दोनदा उमटते. मग त्यातला एकच चांगला फोटो ठेवायचा आणि डेप्थ नसण्याला हरकत घ्यायची नाही.

संगणकावर रंग चढवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. थरांमुळे दिसणारे रंग आधीच इतके गडद असतात की सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, थोडं वाढवलं तरी खळग्यांतल्या छटा एकमेकांत मिसळून हिरव्याचा एकसंध लगदा होतो. मी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स नीट करते आणि थांबते. आणि हेही मनात असतं की फोटोतले रंग आपल्या डोळ्यांचे आहेत. मधमाश्यांना रंग कळतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली करड्या चौकोनांत निळा चौकोन ठेवून आणि त्यावर साखरेचं पाणी देऊन सिद्ध केलं. त्यांना अतिनील दिसतं आणि आपला लाल दिसत नाही, हे पुढच्या संशोधनातून कळलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र अतिनील अडवणारी काच असते. तेव्हा एका फुलावर बसलेल्या दोन जिवांना एकमेकांचा कोणता रंग दिसत असेल, हे आपल्या फोटोवरून सांगता येणार नाही.

सध्या माझं सगळं लक्ष पारदर्शक पंखांकडे लागलं आहे. बागेतल्या बारीकसारीक माश्या आणि तांदळाच्या दाण्याहून लहान गांधीलमाश्या यांच्या पंखांना रंग नसतो असं आपण धरून चालतो. २०११ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या येकातेरिना शेव्त्सोवा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पंखांवर ठरलेल्या, जातीनुसार वेगळ्या रंगीत नक्ष्या असतात. पंखाच्या पापुद्र्याची जाडी जागोजाग बदलते आणि त्यातून किरमिजी, निळे, हिरवे, पिवळे पट्टे तयार होतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्या नक्ष्या दिसत नाहीत, कारण पंखातून आरपार गेलेला प्रकाश मागून परत येतो आणि त्यांना बुडवून टाकतो. काळोख्या पार्श्वभूमीवर त्या उजळून निघतात. पिढ्यान् पिढ्या कीटक अभ्यासले गेले ते बहुतेक पांढऱ्यावर, म्हणून एवढी मोठी गोष्ट सगळ्यांच्या नजरेआड राहिली. पुढे २०१४ मध्ये असंही आढळलं की ड्रॉसोफिला या पिकलेल्या फळांभोवती घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीच्या माद्या पंखांवर ठळक रंग असलेले नर पसंत करतात. या माशीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रयोगशाळांत काम चाललेलं आहे.

तुमच्याकडे जुने मॅक्रो फोटो असतील तर ते या नजरेने पुन्हा चाळा. ज्यात माशीच्या मागे सावलीतलं गर्द पान आहे किंवा तिने पंख स्वतःच्याच काळ्या पोटावर मिटून घेतले आहेत, असे निवडा आणि पंखाचा भाग मोठा करून बघा. नव्याने काढायचे असतील तर माशी काळपट पानावर बसेपर्यंत थांबा, डिफ्यूजर तिच्या वर आणि किंचित मागे धरा आणि पंखाच्या पातळीशी कोन थोडा थोडा बदलत जा. एका कोनाला सगळा पंख एकदम रंगतो. फोकस तेव्हा पंखावर ठेवा. डोळा नंतरच्या फोटोत घेता येईल.